रोल साठले की लावतो

लॅबमधून फोन आला तेव्हा पाच रोल टेबलावर ओळीने मांडून ठेवलेले होते. पाचही स्लाइड फिल्मचे, म्हणजे जिच्यावर निगेटिव्ह न होता थेट चित्रच उमटतं तिचे, पाचही पूर्ण काढलेले, डबीच्या झाकणांवर तारखा घातलेल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी ते धुवायला द्यायचे होते.

"ताई, आता आणू नका," लॅबवाले म्हणाले. "ई-६ बंद केलं आपण. काल टाक्या रिकाम्या केल्या." ई-६ म्हणजे स्लाइड फिल्म धुण्याची रासायनिक पद्धत.

मला पटकन काही सुचेना. शेवटी विचारलं, "म्हणजे कायमचं?"

थोडा वेळ पलीकडून आवाज नाही. मग म्हणाले, "कायमचंच समजा."

बारा वर्षं मी या एकाच लॅबला रोल देत आले. सुरुवातीला सकाळी दिलेला रोल संध्याकाळी हातात पडायचा. पुढे मशीन आठवड्यातून दोनदाच लागू लागलं, मग फक्त शुक्रवारी. शेवटच्या तीन वर्षांत तर एकच उत्तर ठरलेलं होतं: "रोल साठले की लावतो." त्याला कधी पंधरा दिवस लागत, कधी सव्वा महिना. मला त्याचा राग यायचा. एक रोल धुवायला असा कितीसा वेळ लागतो, असं वाटायचं. आता स्वतःच्या हाताने धुवायला लागल्यापासून तो राग राहिलेला नाही. उलट इतकी वर्षं त्यांनी हे कसं रेटलं असेल, याचंच नवल वाटतं.

दुसऱ्या दिवशी मी रोल न घेताच गेले. मशीन मी याआधी नेहमी चालू असतानाच पाहिलेलं, आणि तेही दारातून. या वेळी त्यांनी आत नेलं. उंच, अरुंद टाक्यांची रांग, झाकणं उघडी, आत कोरडं. फिल्मचं एक टोक वरच्या क्लिपला अडकवायचं, खालच्या टोकाला वजन लावायचं, आणि मग मशीन ती फिल्म एका टाकीतून उचलून पुढच्या टाकीत बुडवत नेणार. भिंतीवर एक आलेख होता. त्यावर पेन्सिलीचे ठिपके, तारीखवार. कारखान्यातून आधीच प्रकाश देऊन आलेली चाचणीची पट्टी रोज मशीनमधून काढायची, तिच्यावरच्या राखाडी पट्ट्यांची घनता मोजायची आणि ठिपका मांडायचा. वर-खाली दोन मर्यादारेषा. ठिपके त्या दोन रेषांच्या आत राहिले तर रसायन ठणठणीत.

"हे बघा," त्यांनी बोट ठेवलं. "इथपर्यंत सगळं बरं चाललं होतं. इथून पुढे रोल कमी झाले."

शेवटच्या महिन्यांतले ठिपके आधी रेषेकडे सरकत गेलेले, मग रेषेबाहेर, मग एकदम आत. आत आले ती तारीख नव्या रसायनाची. पुन्हा तेच, पुन्हा बाहेर. प्रत्येक वेळी अख्खी टाकी ओतून द्यायची आणि नवी भरायची.

त्यांनी जे समजावलं ते मला आधी माहीत असायला हवं होतं. मोठ्या टाकीतलं डेव्हलपर, म्हणजे चित्र उमटवणारं रसायन, रोज बदलत नाहीत. प्रत्येक फिल्म त्यातलं काही खाते आणि आपल्यातला ब्रोमाइड त्यात सोडते. म्हणून फिल्मच्या क्षेत्रफळाच्या हिशोबाने मोजून ताजं द्रावण आत सोडायचं, तेवढंच जुनं बाहेर जातं. फिल्म येत राहिली की हा तोल वर्षानुवर्षं टिकतो. फिल्म थांबली की तोल ढळतो: हवा लागून डेव्हलपर मरायला लागतं, पाणी उडून जातं, आणि पुढच्या गिऱ्हाइकाची स्लाइड भलत्याच रंगाची निघते. म्हणजे रसायन जिवंत ठेवायचं असेल तर त्याला रोज फिल्म घालावी लागते. ते "रोल साठू द्या" म्हणत होते ते यासाठी.

रंगीत निगेटिव्हचं मशीन त्यांनी चालू ठेवलंय. त्याला अजून पुरेसे रोल येतात, आणि त्यात डेव्हलपर एकच. ई-६ मध्ये डेव्हलपर दोन, आणि त्यांच्यामध्ये प्रतिमा उलटवण्याची पायरी. शिवाय निगेटिव्हमध्ये थोडं इकडचं तिकडं झालं तर प्रिंट काढताना किंवा स्कॅन करताना सावरता येतं. स्लाइडला ती सोय नाही. कॅमेऱ्यात जी फिल्म होती तीच शेवटचं चित्र, तीच लाइटबॉक्सवर ठेवायची. चूक झाली तर ती झालीच.

निघताना त्यांनी दोन पत्ते दिले. रोल पोस्टाने मागवून धुणाऱ्या लॅबचे. एका ठिकाणी विचारलं तर उत्तर आलं की महिन्यातून एकदा लावतो, पुढचं सांगता येत नाही. दुसरीकडून उत्तरच आलं नाही.

माझे पाच रोल कशाचे होते ते सांगायला हवं, नाहीतर एवढा जीव का टाकला ते कळणार नाही. तीन वर्षं मी दगडांवर वाढणाऱ्या दगडफुलांचे फोटो काढते आहे. ठरावीक सात दगड, ठरावीक अंतर, ट्रायपॉड, मॅक्रो लेन्स. दगडावर चिकटून पसरणारी ही जात फार सावकाश वाढते, वर्षाला मिलिमीटर-दोन मिलिमीटर, कधी त्याहूनही कमी. रंग असे असतात की डोळ्यांनाही नीट सांगता येत नाहीत: राखाडीतून हिरव्याकडे जाणारा, कडेला नारिंगी, मध्ये जुनी झालेली जागा फिकट. मी प्रोव्हिया १०० एफ ही फुजीची स्लाइड फिल्म वापरते. त्यांचीच व्हेल्व्हिया ५० रंग गडद करते, डोंगर-सूर्यास्ताला ती शोभते. मला दगड होता तसा हवा होता. शिवाय प्रोव्हियाचा एक मोठा गुण आहे. लांबलचक एक्स्पोजरला बहुतेक फिल्म आळसावतात, वेळ वाढवून द्यावा लागतो आणि रंगही ढळतात. प्रोव्हियाला फुजीच्या माहितीपत्रकाप्रमाणे १२८ सेकंदांपर्यंत काहीच दुरुस्ती लागत नाही. सावलीतल्या ओल्या दगडावर छिद्र बारीक करून चाळीस सेकंद उघडं ठेवलं तरी जे मोजलं तेच मिळतं.

तर हे तिसऱ्या वर्षाचे पाच रोल होते. पहिल्या दोन वर्षांच्या स्लाइड त्याच लॅबमधून आलेल्या. आणि हे पाच, न धुतलेले, टेबलावर.

न धुतलेल्या रोलची मला भीती वाटते, त्याला कारण आहे. काका गेल्यावर काकूंनी त्यांची कॅमेऱ्याची बॅग माझ्याकडे दिली. तिच्या आतल्या कप्प्यात एक रोल निघाला. कोडाक्रोम ६४, पूर्ण काढलेला, फिल्मची जीभ आत ओढलेली. काकूंनी विचारलं, "धुता येईल का गं?"

येत नाही. कोडाक्रोम ही कोडॅकची स्लाइड फिल्म १९३५ मध्ये बाजारात आली. लिओपोल्ड गोडॉव्स्की आणि लिओपोल्ड मॅनेस या दोघांनी ती घडवली. दोघेही पेशाने संगीतकार, एक व्हायोलिनवाला, एक पियानोवाला. त्यांनी जे केलं ते अजब होतं: फिल्ममध्ये रंग बनवणारे घटक घातलेच नाहीत. फिल्मवर नुसते चांदीच्या क्षारांचे थर, तीन रंगांच्या प्रकाशाला वेगवेगळे जागे होणारे. रंग यायचा तो धुताना. पाठीमागून लाल प्रकाश देऊन एक थर जागा करायचा आणि निळसर-हिरव्या रंगाच्या डेव्हलपरमध्ये घालायचा, मग पुढून निळा प्रकाश आणि पिवळ्या रंगाचं डेव्हलपर, मग उरलेला थर रसायनाने जागवून किरमिजी रंगाचं तिसरं डेव्हलपर. शेवटच्या पद्धतीचं नाव के-१४. हे काम घरी तर सोडाच, साध्या लॅबमध्येही होत नसे. त्याला मोठं यंत्र आणि रसायनाची जाण असलेला माणूस लागायचा.

जून २००९ मध्ये कोडॅकने ही फिल्म बंद केली. आधीच जगात ती धुणारी लॅब एकच उरली होती, अमेरिकेत कॅन्सस राज्यात पार्सन्स नावाच्या गावी, ड्वेन्स फोटो. त्यांनी ३० डिसेंबर २०१० ही रोल स्वीकारायची शेवटची तारीख जाहीर केली. शेवटच्या दिवसांत तिथे जगभरातून पाकिटं आली. रेल्वेत काम करणारा एक माणूस स्वतः गाडी घेऊन गेला, त्याचे पंधराशेहून जास्त रोल होते. त्यानंतर ते मशीन थांबलं, आणि जगात जिथे जिथे कोडाक्रोमचा न धुतलेला रोल पडून होता तिथे त्यातले रंग संपले. फिल्म बिघडली नव्हती. धुणारं कोणी उरलं नव्हतं, एवढंच.

मी काकूंना सांगितलं, "रंगात नाही होणार, काकू. काळं-पांढरं कदाचित निघेल, पुसटसं."

त्या म्हणाल्या, "काळं-पांढरं तर काळं-पांढरं. कोण आहे त्यात ते तर कळेल."

ते काम अजून व्हायचं आहे. फिल्मच्या पाठीवर काजळीचा काळा थर असतो, तो सोडवून काढावा लागतो, आणि त्यासाठी आधी दुसऱ्या एखाद्या बिनमहत्त्वाच्या रोलवर हात बसवायला हवा. पण टेबलावरचे पाच रोल पाहताना मला तो सहावा रोल सतत दिसत होता.

ई-६ आणि कोडाक्रोममध्ये एक फरक मात्र माझ्या बाजूचा होता. कोडॅकची एक्टाक्रोम, प्रोव्हिया, व्हेल्व्हिया या सगळ्यांत रंग बनवणारे घटक फिल्मच्या थरांतच बसवलेले असतात. धुताना फक्त त्यांना जागं करायचं. म्हणून ई-६ घरच्या टाकीत होऊ शकतं. लोक करतात हे माहीत होतं. मीच कधी हात घातला नव्हता, कारण लॅब होती.

मी घरी धुण्याचा रसायनांचा संच मागवला. लॅबमध्ये सहा रसायनं असतात: पहिलं डेव्हलपर, उलटवणारं द्रावण, रंगाचं डेव्हलपर, ब्लीचच्या आधीचं एक, आणि चांदी काढून टाकणारी दोन, ब्लीच आणि फिक्सर. त्यांशिवाय शेवटी फिल्म खळबळून काढायचं एक द्रावण. घरच्या संचात ती तीनवर आणलेली असतात. उलटवण्याचं काम रंगाच्या डेव्हलपरमध्येच मिसळलेलं, ब्लीच आणि फिक्सर एकत्र, म्हणजे ब्लीच-फिक्स. शेवटी स्टॅबिलायझर, ते विसरायचं नाही, रंग टिकणं त्यावर आहे. मोजमापाचे चार जग, तपकिरी बाटल्या, प्रकाश न शिरणारी टाकी, उजेड न लागता रोल तिच्यात भरण्यासाठी हात घालायची काळी पिशवी (चेंजिंग बॅग), आणि पाणी ठरलेल्या तापमानाला धरून ठेवणारा हीटर. थर्मामीटरवर मात्र काटकसर केली नाही. तो चुकला तर बाकी सगळं चुकतं. प्रत्येक रसायनाचा जग, नळी आणि बाटलीचं झाकण यांना वेगळ्या रंगाची चिकटपट्टी लावली, कारण ब्लीच-फिक्सचा अंश पहिल्या डेव्हलपरमध्ये गेला तर ते बिघडलंच. हातमोजे घालून आणि खिडकी उघडी ठेवून काम केलं. रंगाचं डेव्हलपर कातडीला सोसत नाही, आणि ब्लीच-फिक्सच्या वासाने डोळे चुरचुरतात.

आधी चाचणीचा रोल. मुदत उलटलेला एक रोल पडून होता, तो वापरायचा मोह झाला, पण आवरला. बिघाड झाला तर तो फिल्मचा की माझा, हे कसं कळणार? ताजा रोल घेतला, त्याच दगडांपैकी एक, शेजारी रंग तपासायचं राखाडी कार्ड, आणि प्रत्येक चित्र स्टॉपचा तिसरा भाग कमी, बरोबर, तिसरा भाग जास्त अशा तीन एक्स्पोजरनी काढलं. एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा. स्लाइड फिल्म जेमतेम पाच स्टॉपचा उजेड पेलते. अर्धा स्टॉप चुकला तरी डोळ्यांना कळतं.

पहिलं डेव्हलपर ३८ अंश सेल्सिअसला सहा मिनिटं. सगळं इथेच ठरतं, पुढच्या पायऱ्या बऱ्याच समजूतदार आहेत. लॅबमध्ये या टाकीचं तापमान अंशाच्या काही दशांशांत धरतात. मी जगमध्ये थर्मामीटर घातला, ३८.० दिसलं, ओतलं, घड्याळ चालू केलं, टाकी उलटी-सुलटी करत राहिले. मग धुतलं, रंगाचं डेव्हलपर, पुन्हा धुतलं, ब्लीच-फिक्स, मग बराच वेळ पाणी. टाकी उघडली.

रीळवरची फिल्म दुधाळ दिसत होती. निळसर, धुरकट, काचेवर वाफ धरावी तशी. माझ्या पोटात गोळा आला. ओली ई-६ फिल्म अशीच दिसते आणि वाळली की स्वच्छ होते, हे मी वाचलेलं होतं. पण वाचलेलं त्या क्षणी कामाला आलं नाही. क्लिपला लावून टांगली, खोलीबाहेर गेले, अर्ध्या तासाने परत आले. वरच्या टोकाकडून पारदर्शक होत चालली होती, एकेक चौकट वरून खाली उघडत गेल्यासारखी.

आणि सगळ्या चौकटी काळपट. एक स्टॉप, कदाचित थोडं जास्तच. मुद्दाम तिसरा भाग जास्त दिलेलीही अंधारी.

फिल्मचं सुरुवातीचं टोक पाहिलं. कॅमेऱ्यात रोल भरताना त्याला भरपूर उजेड लागलेला असतो, ते पाण्यासारखं स्वच्छ निघायला हवं, आणि तसं निघालं होतं. म्हणजे ब्लीच-फिक्स बरोबर. दोष पहिल्या डेव्हलपरमध्ये. स्लाइडचा हिशोब उलटा असतो. पहिलं डेव्हलपर आधी काळी-पांढरी निगेटिव्ह बनवतं. जिथे उजेड पडला तिथली चांदी त्यात खर्ची पडते, आणि जी चांदी शिल्लक राहते तिच्यापासून पुढे रंग होतो. पहिल्या डेव्हलपरने काम कमी केलं की शिल्लक जास्त, रंग जास्त, स्लाइड अंधारी. मग मला आठवलं की डेव्हलपर परत बाटलीत ओतताना मी थर्मामीटर घातलाच नव्हता. पाणी भरून नुसतीच पुन्हा एकदा सगळी हालचाल केली. ३८ अंशांचं पाणी थंड प्लास्टिकच्या टाकीत आणि रीळवर ओतलं, सहा मिनिटांनी बाहेर काढलं: ३५.४.

अडीच अंश. एवढ्यात सगळं गेलं होतं.

दुसऱ्या चाचणीला रिकामी टाकी रीळसकट पाच मिनिटं कोमट पाण्यात बुडवून ठेवली. फिल्म भरल्यावर आधी ३९ अंशांच्या पाण्याने एकदा धुऊन घेतली. त्या पाण्याबरोबर फिल्मचा थोडा रंग उतरून आला. डेव्हलपर ३८.४ ला ओतलं, उलटवण्याच्या मधल्या वेळात टाकी टबात गळ्यापर्यंत बुडवून ठेवली. बाहेर काढलं तेव्हा ३७.८. या वेळी फिल्म दुधाळ दिसली तरी घाबरले नाही. वाळल्यावर राखाडी कार्ड राखाडी होतं.

त्या रात्री मी जवळजवळ झोपलेच नाही. आनंद होताच, पण त्याहून जास्त मनात येत होतं ते लॅबमधल्या त्या माणसाचं. मी एका टाकीत एक रोल, तीन तास, पाठ दुखेस्तोवर. त्यांनी सहा टाक्यांचं तापमान वर्षानुवर्षं या काटेकोरपणाने धरलं होतं, रोज पट्टी मोजून, आणि मी त्याला "रोल धुणं" एवढंच म्हणत होते.

मग ते पाच रोल. सगळ्यात कमी जीव असलेला पहिला, सगळ्यात महत्त्वाचा चौथा. पाचवा सर्वांत शेवटी ठेवला नाही, कारण एकच द्रावण पुन्हा पुन्हा वापरताना ते अशक्त होत जातं आणि दर वेळी वेळ वाढवावा लागतो. शेवटच्या खेपेला माझा त्यावर पूर्ण भरवसा नव्हता. म्हणून त्या शेवटच्या जागी पहिल्या चाचणीसारखाच एक नवा रोल काढून धुतला. वापरलेलं ब्लीच-फिक्स वेगळ्या कॅनमध्ये साठवलं आहे. त्यात फिल्मची चांदी उतरलेली असते, ते बेसिनमध्ये ओतायचं नाही. लॅबवाल्यांनी त्यांच्या निगेटिव्हच्या टाकाऊ द्रावणाबरोबर घ्यायचं कबूल केलंय.

चौथ्या रोलमधल्या एका चौकटीबद्दल सांगते. तिसऱ्या नंबरच्या दगडावर केसाएवढी एक भेग आहे. पहिल्या वर्षीच्या स्लाइडवर दगडफुलाची नारिंगी कड भेगेच्या अलीकडे. दुसऱ्या वर्षी भेगेला टेकलेली. या वर्षीच्या स्लाइडवर, लूप, म्हणजे छोटं भिंग, डोळ्याला लावून पाहिलं तर, कडेचे दोन बारीक कोंब भेग ओलांडून पलीकडे गेलेले. तिन्ही स्लाइड लाइटबॉक्सवर शेजारी ठेवल्या. मागून येणारा उजेड फिल्ममधून थेट डोळ्यात येतो, मध्ये कागद नाही, शाई नाही, पडदा नाही. नारिंगीच्या आत पिवळ्याचे कण दिसतात, आणि ओल्या दगडाच्या काळ्या रंगाला खोली असते. प्रिंटमध्ये मला हा काळा कधी मिळाला नाही.

शेजारी ठेवल्यावर आणखी एक गोष्ट दिसली. माझी स्लाइड लॅबच्या दोन्हींपेक्षा किंचित निळसर आहे. किंचितच, एकटी पाहिली तर कळणार नाही. पण माझं सगळं काम तुलनेचं आहे. दगडफूल खरंच फिकट झालं की माझं रसायन ढळलं, हे पुढच्या वर्षी मी कशावरून सांगणार? आता प्रत्येक रोलच्या पहिल्या चौकटीत राखाडी कार्ड आणि रंगपट्टी घेते. त्याने लॅबच्या आलेखाची बरोबरी होत नाही, पण निदान ढळलं की कळेल.

फिल्म पुढे मिळेल का, हा प्रश्न वेगळा आहे आणि माझ्या हातात नाही. कोडॅकने मार्च २०१२ मध्ये आपल्या उरल्यासुरल्या स्लाइड फिल्म बंद केल्या तेव्हा मला वाटलं होतं, संपलं. जानेवारी २०१७ मध्ये त्यांनी एक्टाक्रोम परत आणायचं जाहीर केलं आणि २०१८ मध्ये ती खरोखर दुकानात आली. मधला वेळ गेला तो कृतीत बसणारे घटक नव्याने जुळवण्यात, कारण त्यातले काही आता कोणी बनवतच नव्हतं. एकदा थांबलेली फिल्म पुन्हा चालू करणं म्हणजे जुना कागद काढून वाचणं नव्हे. व्हेल्व्हिया ५० चंही तसंच झालेलं. ती बंद झाली, ओरड झाली, आणि घटक बदलून २००७ मध्ये परत आली. उलट व्हेल्व्हिया १०० अमेरिकेत २०२१ मध्ये थांबली ती मागणीअभावी नव्हे, तर तिच्यातल्या अत्यल्प प्रमाणातल्या एका रसायनावर तिथल्या पर्यावरण खात्याने बंदी घातली म्हणून. इटलीत फेरानियाच्या जुन्या कारखान्यात नवी स्लाइड फिल्म करण्यासाठी २०१४ मध्ये लोकांनी पैसे उभे केले. त्यातून २०१७ मध्ये आली ती काळी-पांढरी फिल्म.

म्हणून फिल्म परत येईल की नाही यावर मी पैज लावत नाही. पण आजूबाजूच्या गोष्टी एकेक करून गेल्या, हे डोळ्यांसमोर घडलंय. कोडॅकने २००४ मध्ये स्लाइड प्रोजेक्टर बनवणं थांबवलं. स्लाइडवरून थेट प्रिंट काढायचा सिबाक्रोम कागद गेला, आणि त्या प्रिंटसारखं पुन्हा काही आलं नाही. आता लॅब. फिल्म बनवणारी कंपनी फिल्मची विक्री पाहते, आणि लोक फिल्म घेत नाहीत कारण धुवायचं कुठे हा प्रश्न असतो. मी चार जणांना विचारलं की स्लाइड का सोडलीत. महाग आहे, हे एकानेच सांगितलं. बाकी तिघांचं म्हणणं एकच: काढून ठेवू, पण देऊ कोणाला?

मला वाटतं, स्लाइड फिल्म जगायची असेल तर ती अशा लहान टाक्यांवरच जगेल. मोठ्या मशीनला रोज खाऊ घालण्याइतके रोल आता येणार नाहीत. पण संच बंद पाकिटात थांबू शकतो, आणि रोल साठेपर्यंत कोणतीही टाकी मरत नाही. मला हे पुरेसं वाटत नाही, खंतही वाटते, कारण ती काटेकोर, पट्टी लावून मोजलेली अचूकता माझ्या टबात येणार नाही. तरी काढलेला रोल धुतल्याशिवाय राहणार नाही, एवढं तर होईल.

फ्रिजमध्ये चौदा कोरे रोल आहेत. त्यांच्या डब्यातच एका वेगळ्या पिशवीत काकांचा कोडाक्रोम. शेजारी नवा, न उघडलेला संच. एकदा पाणी घालून तयार केला की काही आठवडेच टिकतो, आणि एका लिटरमध्ये मी आठ रोल धुते. कमी रोलांसाठी तो उघडला तर उरलेलं रसायन फुकट जाणार.

गेल्या आठवड्यात एका मैत्रिणीचा फोन आला. तिच्याकडे दोन रोल आहेत, एक तर दीड वर्षापूर्वीचा. माझे तीन झालेत, तिचे दोन धरून पाच.

"मग कधी धुशील?" तिने विचारलं.

मी म्हणाले, "रोल साठले की लावते."